काचेच्या अंगातले लोखंड

गेल्या वैशाखात वडिलांच्या जुन्या मोटारीचा दरवाजा अक्षरशः माझ्या हातात आला. मांगरात सोळा वर्षे उभी असलेली ती गाडी विकावी की ठेवावी याचा एकदाचा निकाल लावायचा, म्हणून मी तिच्यावरचा पेंढा झटकला, मूठ धरून ओढली, आणि खालची बिजागरी आपल्या लोखंडी पट्टीसकट खांबातून सुटून बाहेर आली. वरच्या बिजागरीने क्षणभर तग धरला. मग तिनेही मान टाकली. गाडीचे अंग काचतंतूचे. आमच्या किनाऱ्यावर त्याला सगळे ‘फायबर’ म्हणतात. माझ्या लहानपणी वडील मोठ्या तोऱ्याने सांगत, “ही गंजायची नाही. खाऱ्या वाऱ्याचे हिच्यापुढे काही चालायचे नाही.” या वाक्यावर आमच्या घराची श्रद्धा होती.

गावात मच्छीमारांच्या होड्यांना फायबरची ठिगळे लावणारा एक कारागीर आहे. त्याला बोलावले. त्याने सुटलेली पट्टी उलटी केली, नखाने खरवडली आणि म्हणाला, “गुरुजी, फायबरला काय झालं नाही. आतलं लोखंड फुगलं, त्यानं ढकललं.”

माझे रसायनशास्त्र शाळेच्या पुस्तकाबाहेर कधी गेले नाही. पण कथा-कादंबऱ्या लिहिणाऱ्याला असे एक वाक्य पुरते. पावसाळाभर मी या विषयाच्या मागे लागलो. जे हाती आले त्यावरून माझी अशी खात्री झाली आहे की, काचतंतूच्या मोटारीचा इतिहास हा खरोखर तिच्या सांध्यांचा इतिहास आहे.

योगायोग असा की काचतंतूचा जन्मही एका सांध्याच्या खटपटीतून झाला. १९३२ साली अमेरिकेतील ओवेन्स-इलिनॉय या काचकंपनीत डेल क्लाइस्ट नावाचा तरुण काचेच्या दोन ठोकळ्यांचा सांधा जुळवू पाहत होता. दाबाच्या हवेचा झोत वितळलेल्या काचेवर आला आणि बारीक तंतूंचा फवारा उडाला. सांधा राहिला बाजूला. तंतू मात्र सापडला. पुढे त्याला पॉलिएस्टर राळेची जोड मिळाली आणि साच्यात घालून हवा तो आकार देता येईल असे हलके, न गंजणारे कवच तयार झाले. पण या राळेत एक खोड आहे. सुकताना ती आकसते, आणि पोलादावर तिचा जीव बसत नाही. काचेला ती घट्ट धरते, लोखंडाला नुसती चिकटून असते.

लोखंड धरणारी राळ निराळ्या घरातून आली. स्वित्झर्लंडमध्ये पिएर कास्तान हा रसायनज्ञ कवळ्यांसाठी द्रव्य शोधत होता. ते शोधता शोधता १९३०च्या दशकाच्या अखेरीस त्याच्या हाती एपॉक्सी राळ लागली. सीबा कंपनीने तिचे हक्क घेतले आणि १९४६ साली ती ‘अ‍ॅराल्डाइट’ या नावाने बाजारात आणली. आपल्या घरोघरी कपाचा कान चिकटवणाऱ्या त्या दोन नळ्यांचे मूळ असे दाताच्या दवाखान्यात आहे! त्याच्याही आधी, १९४१ साली, इंग्लंडमध्ये केंब्रिजजवळच्या डक्सफर्ड येथे नॉर्मन डी ब्रॉइन याने ‘रिडक्स’ नावाचा धातू जोडणारा डिंक काढला होता. डी हॅविलंड कंपनीच्या ‘हॉर्नेट’ या लढाऊ विमानात त्याने लाकूड आणि अ‍ॅल्युमिनियम एकत्र बांधले. दोन परक्या जातींचे द्रव्य खिळ्यावाचून एकत्र नांदू शकते, हा धीर युद्धकाळाने दिला.

हा धीर मोटारीपर्यंत पोचला तो १९५३ साली. त्या जानेवारीत न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-अ‍ॅस्टोरिया हॉटेलात शेव्हरोले ‘कॉर्व्हेट’ लोकांनी पाहिली आणि जूनअखेर फ्लिंट येथे तिची निर्मिती सुरू झाली. त्या साली तीनशे गाड्या निघाल्या; सगळ्या पांढऱ्या, आतून लाल. अंगाचे तुकडे काचतंतूचे, पण खाली चौकट पोलादाची. काचेने भार वाहण्याचा फारसा प्रश्न नव्हता. तरीही कारखान्यातल्या माणसांना लोखंडाची आठवण एका गमतीदार रीतीने झाली. पोलादी गाडीत दिव्याची एक तार थेट अंगाला जोडली की काम भागते. इथे अंगातून वीज वाहीना! प्रत्येक दिव्याला परतीची तार निराळी ओढावी लागली.

खरे धाडस केले ते लंडनच्या कॉलिन चॅपमनने. १९५७च्या ऑक्टोबरात अर्ल्स कोर्टच्या प्रदर्शनात त्याची लोटस ‘एलिट’ उभी राहिली. तिची रेखाकृती पीटर कर्वन-टेलर या हिशेबाच्या धंद्यातल्या माणसाची. या गाडीला खाली चौकटच नव्हती. तळ, अंग, छप्पर, सारे काचतंतूचे, आणि तेच भार वाहणार. सगळी गाडी जेमतेम पाचशे किलोची. पण इंजिन काचेला कसे टांगणार? दरवाजा कशाला अडकवणार? म्हणून पुढच्या बाजूला एक पोलादी सांगाडा कवचातच बसवून टाकला, आणि समोरच्या काचेभोवती पोलादाची एक कमान राळेत पुरली. त्याच कमानीवर दरवाजांच्या बिजागऱ्या आणि गाडी उचलण्याच्या जागा. जिथे बोल्ट बसायचा तिथे धातूच्या लहान फिरक्या साच्यातच घालून ठेवल्या. म्हणजे पूर्ण काचेची म्हणून जिची ख्याती झाली, तिचा मर्मबिंदू लोखंडातच राहिला. सुमारे हजार गाड्या निघाल्या आणि १९६३ साली निर्मिती थांबली. मधल्या काळात चॅपमनने १९६२च्या ‘एलान’ला मात्र मुकाट्याने पोलादाचा कणा दिला. नवल असे की त्याच सुमारास अमेरिकेत उलटा प्रवास झाला. १९६३च्या कॉर्व्हेटच्या काचेच्या अंगात खांब आणि छपराभोवती पोलादाचा सांगाडा आला. गाडीवाले त्याला पक्ष्याचा पिंजरा म्हणतात. आज ती गाडी घेणारा जाणता माणूस रंगाकडे पाहत नाही. बॅटरी घेऊन त्या पिंजऱ्याचे कोपरे शोधतो.

कारण काच आणि पोलाद उन्हात सारखे वाढत नाहीत. तितक्याच उन्हात काचतंतूचा पत्रा पोलादाच्या दुपटीच्या आसपास पसरतो. रोज सकाळी ताण, रोज रात्री सैल. अशी वर्षे गेली की चिकटलेल्या कडेला केसाएवढी फट पडते. त्या फटीत पाणी शिरते, आणि बाहेर पडायला त्याला वाट नसते. उघड्या पत्र्याचा गंज निदान दिसतो तरी. इथे वर काच चकचकीत, आणि आत लोखंड कुजून दुपटीहून अधिक जागा मागू लागलेले! ज्या कवचाने पाऊस अडवायचा तेच ओल कोंडून ठेवते. एखाद्या अब्रूदार घरातल्या दुखण्यासारखे ते आहे. बाहेर कळते तेव्हा उशीर झालेला असतो.

दुरुस्त करणाऱ्यापुढचा पेच इथूनच सुरू होतो. लोखंडापर्यंत पोचायचे तर मूळ कवच कापले पाहिजे. आणि जुन्या गाडीचे मोल तर त्या मूळ कवचातच. शहाणे कारागीर म्हणून आतून कापतात. पुढची कृती स्वयंपाकासारखी आहे. एक पायरी चुकली की सगळे फुकट. लोखंड पांढरे दिसेपर्यंत घासायचे, अ‍ॅसिटोनने पुसायचे, आणि मग त्याला बोटही लावायचे नाही. काही तासांच्या आत एपॉक्सी लागली पाहिजे, कारण आमच्यासारख्या दमट हवेत नंगे लोखंड संध्याकाळपर्यंत तांबूस होते. काचतंतूही खडबडीत करायचा. शिकंजा फार आवळायचा नाही. आवळला की राळ पिळून बाहेर येते आणि सांधा उपाशी राहतो. मधे तारेचे बारीक तुकडे ठेवले की हवी तेवढी जाडी राखली जाते. शेवटी धातूची कड उघडी न ठेवता वरून मॅट चढवायची, तीही एपॉक्सीतच. कारण जुन्या पॉलिएस्टरवर एपॉक्सी बसते, पण सुकलेल्या एपॉक्सीवर पॉलिएस्टर नीट बसत नाही.

हे सारे समजल्यावर मी आमची पट्टी पुन्हा पाहिली. तिच्या पाठीवर राळेचा थर होता, आणि राळेखाली तांबडा रंग. ही कारखान्याची करणी नव्हती. खांबाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने वडिलांच्या अक्षरात लिहिले होते : ‘खालची बिजागरी बसविली. १२-५-९४.’ त्यांनी पट्टीला गंज लागू नये म्हणून आधी रंग दिला आणि मग त्या रंगावर राळ लावली. राळेने रंग धरला. रंगाने लोखंड धरले नाही. पाटी न पुसता तिच्यावर लिहिले म्हणून याच माणसाने मला एकदा दिवसभर उभे केले होते. मला हसू आले, आणि मग बराच वेळ आले नाही.

कारागीर म्हणाला, “चार बोटं उघडावं लागेल. लिहिलंय ते जाईल.”

“बाहेरून नाही का जमायचे?”

“जमेल. मग रंग जाईल, आकार जाईल. तुम्ही सांगाल तसं, गुरुजी.”

मी पातळ कागद ठेवून ती ओळ उतरवून घेतली आणि त्याला ग्राइंडर चालू करायला सांगितले. बिनगंजाच्या पोलादाची नवी पट्टी त्याने स्वतः कापली, दोन्ही अंगांनी घासून पांढरी केली, आणि मी शेजारी उभा राहून रंगाचा डबा हातात घेऊ दिला नाही. वरची पट्टीही त्याच हाताने बसवली. तीन दिवस सांधा तसाच ठेवला. चौथ्या दिवशी दरवाजा चढवला. तो लागतो, पण किंचित वर उचलून लावावा लागतो. पलीकडच्या दरवाजाच्या पट्ट्या अजून उघडलेल्या नाहीत. कारागिराने त्यावर बोटाने दोनदा टकटक केले, कान लावला आणि दिवाळीनंतर येतो म्हणाला.