चौरंगाचा पाय आणि तेरची हस्तिदंती मूर्ती

ऐकण्यापेक्षा वाचणं ज्यांना सोयीचं पडतं त्यांच्यासाठी हा भाग नेहमीसारखा लिहून देतोय. बोलताना जिथं घसरलो तेवढं नीट केलंय, बाकी तसंच ठेवलंय.

सुरुवात आमच्या घरातल्या चौरंगापासून करतो. सागवानी चौरंग, आजीच्या लग्नातला. गौरी त्याच्यावरच बसतात. गेल्या वर्षी त्याचा एक पाय हलायला लागला. दिवसभर दुसऱ्यांच्या कोडमधल्या चुका काढणारा माणूस मी, मला वाटलं हे काय अवघड आहे! फटीत पांढरा गम ओतला, सुतळीनं आवळून बांधलं. सकाळी पाय एकदम घट्ट. आणि गौरी बसवताना तोच पाय बाहेरच्या बाजूला गेला, मुखवटा कलंडला. आजीनं तो वरच्यावर झेलला म्हणून बरं. ती मला काही बोलली नाही. तेच जास्त लागलं.

सण झाल्यावर गल्लीतल्या सुतारकाकांकडं चौरंग नेला. त्यांनी पहिल्यांदा काय केलं, तर पाय पूर्ण उपटून काढला. मी म्हटलं, काका, घट्ट करायचाय. ते म्हणाले, आधी सुटू तर दे.

पायाच्या डोक्याला तासून काढलेलं जे टोक फळीच्या भोकात जातं, त्याला कुसू म्हणतात. काकांनी ते भोक उजेडाकडं धरलं. वर माझ्या गमचा पापुद्रा, त्याच्याखाली सरसाचा काळा थर, आणि कडेला एक गंजलेला खिळा. तीन जणांनी तीन वेळा केलेली डागडुजी त्या भोकात शिल्लक होती. आमच्या धंद्यात ह्याला गिट लॉग म्हणतात, कोणी कधी काय बदललं त्याची नोंदवही.

पाय ढिला का होतो, हे मला तिथं कळलं. पावसाळ्यात लाकूड दमट हवा पिऊन फुगतं. भोकात फुगायला जागा नसते, मग कुसूच्या कडेचे तंतू चेपतात. उन्हाळ्यात, आणि आपल्याकडचा उन्हाळा काही सांगायला नको, तेच लाकूड आटतं. चेपलेले तंतू परत पहिल्यासारखे होत नाहीत. दरसाल केसभर फट वाढत जाते. गम लाकडात मुरला तरच धरतो, जुन्या सरसाच्या थरावर ओतला तर नुसता बसून राहतो. आणि खिळ्यानं लाकूड चिरतं. काकांनी सगळं खरवडलं, कुसूच्या मधोमध करवतीनं चीर पाडली, तीत पाचर अर्धवट बसवली आणि पाय भोकात ठोकला. पाय आत जाईल तशी भोकाचा तळ लागून पाचर आणखी आत जाते, कुसू आतल्या आत फाकतं. आता तो पाय उपटून दाखवा!

आता तेरला चला. धाराशिव जिल्ह्यातलं तेर म्हटलं की आपल्याला गोरोबाकाका आठवतात, पण हे गाव त्यांच्याही हजार-बाराशे वर्षं आधी गजबजलेलं होतं. ‘पेरिप्लस’ नावाच्या पहिल्या शतकातल्या ग्रीक पुस्तकात तगर शहर येतं. भरूचपासून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर, आणि पैठणच्या पूर्वेला आणखी दहा दिवसांवर तगर. तिथलं कापड गाड्यांवर लादून, धड रस्ते नसलेल्या मुलखातून भरूचच्या बंदराला जायचं. तगर म्हणजे तेर, हे फ्लीट ह्या इंग्रज संशोधकानं 1901 मध्ये मांडलं.

तेरमध्ये रामलिंगप्पा लामतुरे ह्यांनी जमवलेल्या वस्तूंचं सरकारी संग्रहालय आहे. उत्तरेश्वर मंदिराची कोरीव लाकडी चौकट तिथंच ठेवलीय. त्या संग्रहातली सगळ्यात नावाजलेली वस्तू मात्र हस्तिदंताची आहे, दागिन्यांनी मढलेल्या स्त्रीची लहानशी मूर्ती. तिची जुळी बहीण म्हणावी अशी मूर्ती 1938 मध्ये थेट इटलीत, पॉम्पेईच्या उत्खननात निघाली. इसवी सन 79 मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेत ते शहर गाडलं गेलं, म्हणजे मूर्ती त्याच्या आधीच तिथं पोचलेली. आज ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे. आपल्या जालना जिल्ह्यातल्या भोकरदनलाही त्याच घडणीचा एक तुकडा सापडलाय.

पॉम्पेईच्या मूर्तीची उंची साधारण पंचवीस सेंटिमीटर. नाव पडलं ‘पॉम्पेईची लक्ष्मी’, पण ती लक्ष्मी नसून यक्षी असावी असं बऱ्याच जणांचं मत आहे. मला त्या नावाच्या वादापेक्षा तिच्या डोक्यातलं भोक महत्त्वाचं वाटतं. माथ्यापासून सरळ खाली पाडलेलं. कशासाठी? आधी अभ्यासक म्हणाले, ही आरशाची मूठ, वर आरसा खोचायचा. नंतर दुसरं मत पुढं आलं, की हा छोट्या तिवईचा पाय आहे.

चौरंगाचं भोक बघून आलेल्या माणसाला कुठलं मत पटणार, हे तुम्ही ओळखलंच असेल. पण नुसत्या भोकावरून निकाल लागत नाही. आरसाही वरूनच खोचणार, फळीही वरूनच बसणार. मूर्तीच्या दोन्ही बाजूंना छोट्या दासी कोरल्यात. अशी मूठ हातात धरायला अडचणीची, हा तिवईच्या बाजूचा एक मुद्दा. आणखी एक आहे, पण त्याच्याआधी अफगाणिस्तानात जावं लागेल.

काबूलच्या उत्तरेला बेग्राम आहे. तिथं 1937 ते 1939 ह्या काळात फ्रेंच संशोधकांना बंद खोल्यांमध्ये भारतीय घडणीच्या हस्तिदंताचा मोठा साठा मिळाला. खुर्च्या, चौरंग ह्यांच्यावर मढवलेला तो ऐवज. लाकूड कुजून गेलं होतं, राहिले फक्त हस्तिदंताचे तुकडे. आणि त्यातल्या काहींवर सुटी अक्षरं कोरलेली होती. कुठला तुकडा कुठं बसवायचा, त्याच्या खुणा.

पॉम्पेईच्या मूर्तीच्या तळाशीही खरोष्ठी लिपीतलं असंच एक अक्षर आहे.

खरोष्ठी ही वायव्येकडची, गांधाराकडची लिपी. म्हणून काही अभ्यासक म्हणतात मूर्ती तिकडंच घडली. दुसरे तेर आणि भोकरदनच्या मूर्तींकडं बोट दाखवून म्हणतात, ही आपल्या सातवाहनांच्या मुलखातली. भरूचहून जाणाऱ्या मालात हस्तिदंत होतं हे ‘पेरिप्लस’ही सांगतं, पण तगरच्या मालात मात्र तो कापडच मोजतो. तेव्हा ‘आपल्या तेरची मूर्ती रोमला गेली’ असं व्हॉट्सॲपवर फिरतं ते छातीठोकपणे म्हणता येत नाही. जिल्ह्याचा अभिमान मलाही आहे, तरीही.

अक्षराचं मात्र मला नीट समजलं, आणि तेही सुतारकाकांमुळं. चौरंग परत आणला तेव्हा मी तो उलटा करून बघितला. प्रत्येक पायाच्या वरच्या अंगाला आणि त्याच्या भोकाशेजारी पटाशीनं मारलेल्या बारीक रेघा होत्या. एक, दोन, तीन, चार. काकांनी मारलेल्या नव्हेत, पहिल्या सुतारानं मारलेल्या, आजीच्या लग्नाच्या वेळच्या. पाय हातानं तासलेले असतात, एकाचं कुसू दुसऱ्याच्या भोकात बसत नाही, म्हणून खूण करावी लागते. आरसा एकटाच असतो. त्याच्या मुठीला अशी खूण कोण कशाला करेल?

आमच्या चौरंगाचा निखळलेला पाय तीन रेघांचा होता. ह्या वर्षी गौरी बसवताना आजीनं आधी चौरंगावर दोन्ही हात टेकवून, जोर देऊन बघितलं. मग मुखवटा माझ्या हातात दिला.