कॉलेजला 'नॅक'ची ग्रेड आहे, पण कोर्सला मान्यता आहे का? प्रवेशाआधी हा फरक समजून घ्या

बारावीचा निकाल लागला की कॉलेजांच्या जाहिराती सुरू होतात. 'यूजीसी मान्यताप्राप्त', 'एआयसीटीई मंजूर', 'नॅक ए प्लस' हे शब्द बऱ्याचदा एकाच ओळीत दिसतात. पण तिन्हींचा अर्थ वेगळा आहे.

मान्यता म्हणजे काय?

मान्यता म्हणजे पदवी देण्याचा किंवा कोर्स चालवण्याचा अधिकार. यूजीसी कायदा, १९५६ नुसार कायद्याने स्थापन झालेलं विद्यापीठ, अभिमत विद्यापीठ किंवा संसदेने तसा अधिकार दिलेली संस्थाच पदवी देऊ शकते. काही कोर्सना वेगळी मंजुरीही लागते. फार्मसी कौन्सिलची मंजुरी नसलेल्या कॉलेजातून बी.फार्म केलं, तर फार्मासिस्ट म्हणून नोंदणी होत नाही. लॉ कॉलेजला बार कौन्सिलची मान्यता नसेल, तर सनद मिळत नाही. फी आणि वर्षं, दोन्ही वाया जातात.

मग नॅक काय करतं?

नॅक दर्जा तपासतं. १९९४ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेचं मुख्यालय बेंगळुरूला आहे. शिकवणं, संशोधन, सुविधा, कारभार अशा सात निकषांवर ४ पैकी गुण मिळतात. ३.५१ किंवा जास्त गुण असतील तर ए प्लस प्लस, १.५० किंवा कमी असतील तर मानांकनच नाही. ही ग्रेड साधारण पाच वर्षं टिकते.

म्हणजे ग्रेड नाही म्हणून पदवी अवैध ठरत नाही आणि ग्रेड आहे म्हणून प्रत्येक कोर्सला मंजुरी असेलच असंही नाही.

एनबीए कशासाठी?

नॅक पूर्ण कॉलेज तपासतं, तर एनबीए एकेक कोर्स. एकाच इंजिनीअरिंग कॉलेजात मेकॅनिकलला एनबीए असेल आणि कॉम्प्युटरला नसेल, असं होऊ शकतं. भारत २०१४ पासून 'वॉशिंग्टन अकॉर्ड'चा पूर्ण सदस्य आहे. त्यामुळे एनबीएने या कराराच्या निकषांवर मानांकन दिलेल्या इंजिनीअरिंग पदवीचा परदेशी उपयोग होऊ शकतो.

ग्रेडवर किती विसंबायचं?

पूर्णपणे नाही. २०२५ मध्ये चांगल्या ग्रेडसाठी लाच दिल्या-घेतल्याच्या आरोपावरून सीबीआयने नॅकच्या तपासणी समितीतील सदस्यांना अटक केली होती.

प्रवेशाआधी काय तपासाल?

- विद्यापीठाचं नाव यूजीसीच्या यादीत आहे का? यूजीसी बोगस विद्यापीठांची यादीही जाहीर करते.
- तुमच्या कोर्सला यंदाची मंजुरी आहे का?
- नॅक किंवा एनबीएची मुदत संपलेली तर नाही ना?
- शिकणाऱ्या मुलांना विचारा: तास नियमित होतात का?

हे सगळं फी भरण्याआधी तपासा.