वसईच्या खाडींतील तर

अलीकडे सुट्टींत ग्रीस देशास जाणारीं मराठी कुटुंबें आढळूं लागलीं आहेत. पिरिअस बंदरांत आगबोटींत बसावें, आज पारॉस, उद्यां नाक्सॉस, परवां सँटोरिनी, असें एका बेटावरून दुसऱ्या बेटावर उतरत जावें, हा त्या सफरीचा सामान्य क्रम. या हौसेस आम्ही नांवें ठेवीत नाहीं. परदेश पाहिल्यानें स्वदेश अधिक स्पष्ट दिसूं लागतो, हा प्रवासाचा खरा लाभ होय. मात्र तो पदरांत पडावयाचा असेल तर परत आल्यावर प्रत्येकानें आपल्या मनास एक प्रश्न विचारावा : विरारहून चर्चगेटला जातांना आपण किती बेटें पाहतों? उत्तर असें कीं, पाणजू, साष्टी आणि मुंबई या तीन बेटांवरून आपली गाडी जाते. पण गर्दींत उभ्या असलेल्या उतारूस तीं तीन स्थळें म्हणजे तीन स्टेशनांच्या मधला वेळ वाटतो.

ग्रीक लोकांस मात्र आपला हा किनारा अपरिचित नव्हता. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत ग्रीक भाषेंत लिहिलेल्या 'पेरिप्लस' नांवाच्या नाविकांच्या मार्गदर्शक ग्रंथांत सोपारा आणि कल्याण या बंदरांचा उल्लेख आहे. त्याच्याहि आधीं, इसवी सनापूर्वीं तिसऱ्या शतकांत, अशोकानें आपली धर्माज्ञा सोपाऱ्यास शिलेवर कोरविली होती. तिचा एक तुकडा पंडित भगवानलाल इंद्रजी यांस १८८२ सालीं सांपडला. आज नालासोपाऱ्याच्या चाळींत आणि इमारतींत हरवलेलें हें गांव एके काळीं मोठें बंदर होतें, हें सांगूनहि खरें वाटत नाहीं. पण जेथें खाडी आहे तेथें बंदर, आणि जेथें बंदर आहे तेथें राज्यकर्त्यांची नजर, हा समुद्रकांठचा जुना न्याय आहे.

खाडी उतरविणाऱ्या नावेस आपल्याकडे 'तर' म्हणतात. आमचें म्हणणें असें कीं, या प्रदेशाचा इतिहास पुष्कळ अंशीं तरींचा इतिहास आहे. बेटांवर राज्य करणारास जमिनीपेक्षां मधलें पाणी अधिक सांभाळावें लागतें. इसवी सनापूर्वीं ४७८ मध्यें ग्रीक नगरराज्यांनीं डेलॉस या लहानशा बेटावर आपल्या संघाचा खजिना ठेवला. पण जहाजें अथेन्सचीं होतीं, म्हणून ४५४ मध्यें तो खजिना अथेन्सला गेला, आणि मित्रांचे मांडलिक झाले. डेलॉस होतें तेथेंच राहिलें. सत्ता जहाजांमागें गेली.

वसईस हाच धडा निराळ्या रीतीनें मिळाला. डिसेंबर १५३४ मध्यें गुजराथच्या बहादूरशहानें वसई आणि तिच्या ताब्यांतील बेटें पोर्तुगीजांस दिलीं. त्यानंतर दोनशें वर्षें त्यांनीं येथील खाड्यांचीं मुखें अडवून धरलीं. गोव्याहून गलबतें येत होतीं तोंवर त्यांस जमिनीकडच्या शत्रूची धास्ती नव्हती. चिमाजी आपांच्या मोहिमेंचें मर्म येथें आहे. मार्च १७३७ मध्यें मराठी फौज रातोरात खाडी ओलांडून ठाण्यास उतरली आणि साष्टीचा बहुतेक भाग पोर्तुगीजांच्या हातून गेला. त्याच वर्षीं वैतरणेच्या मुखावरील अर्नाळा बेट मराठ्यांनीं घेतलें व तेथें नवा किल्ला उभारला. पोर्तुगीज या बेटास 'गाईंचें बेट' म्हणत. त्याच बेटाच्या किल्ल्याच्या दरवाजावर पुढें बाजीरावाच्या नांवाचा शिलालेख बसला. १७३९ च्या आरंभीं गोव्यावरहि दुसरी फौज चालून गेली. मार्चमध्यें खाडीच्या दक्षिण तीरावरील धारावीची टेकडी पडली, आणि वसईच्या किल्ल्यासमोरचें पाणी मराठी तोफांच्या टप्प्यांत आलें. सुरुंगांनीं बुरूज उडाले, शेंकडों मराठे पडले, आणि मे महिन्यांत किल्ला शरण आला. लोकांच्या आठवणींत शेवटचा हल्ला राहिला आहे, व तो राहावा असाच आहे; पण वसईचा गळा त्याआधीं दोन वर्षें एकेका उतारावर आवळला जात होता, हें विसरतां कामा नये.

इंग्रजांनीं हा धडा अचूक गिरविला. डिसेंबर १७७४ मध्यें त्यांनीं ठाणें घेतलें. १७८० च्या अखेरीस वसई घेतली. पुढें १७८२ च्या सालबाईच्या तहांत त्यांनीं वसई परत केली, परंतु साष्टी सोडली नाहीं. ज्या किल्ल्यासाठीं एवढें रक्त सांडलें तो त्यांनीं देऊन टाकला आणि मुंबईच्या दाराशीं असलेलें बेट ठेवून घेतलें. या देवघेवींत कोणाची दृष्टि दूरची होती, हें वाचकांनींच ठरवावें.

तरींचें राज्य संपविलें तें पुलांनीं. १८०३ मध्यें शीवचा बांध, १८४५ मध्यें माहीमचा बांध झाला. १८६४ मध्यें वसईची खाडी ओलांडून लोखंडी रस्ता मुंबईस पोंचला, आणि १८६७ पासून विरारची गाडी धांवूं लागली. या पुलांनीं वसई-विरारच्या लोकांस शिक्षण, नोकरी व बाजार दिला. त्यांची निंदा करणें कृतघ्नपणाचें होईल. तथापि पूल दोन टोंकें जोडतो आणि मधल्यास पुष्कळदां विसरतो. नायगांव व भाईंदर यांच्यामध्यें पाणजू बेट आहे. आगगाडीचा मार्ग त्याच्यावरूनच जातो, पण तेथें गाडी थांबत नाहीं. दिवसभर हजारों उतारू ज्या गांवावरून जातात, त्या गांवच्या माणसास दळण, औषध आणि शाळा यांसाठीं होडीचीच वाट पाहावी लागते. अर्नाळा बेटावरील कोळ्यांचीहि स्थिति तीच आहे. त्यांस बेटावरून बेटावर जाणें ही सहल नव्हे. भरती-ओहोटी पाहून करावयाचा तो रोजचा संसार आहे.

म्हणूनच फेब्रुवारी २०२४ मध्यें वसई आणि भाईंदर यांच्यामध्यें मोटारींसह माणसें नेणारी रो-रो नौका सुरूं झाली, ही गोष्ट आम्ही महत्त्वाची मानतों. रस्त्यानें घोडबंदरचा वळसा घेतला तर तीस किलोमीटरांहून अधिक अंतर पडतें. पाण्यानें तेंच अंतर चार किलोमीटरांच्या आंत आहे. दीडशें वर्षें पुलाखालीं झाकून राहिलेली तर पुन्हां कामास आली. परंतु नौका मोटारवाल्यांच्या सोयीसाठीं चालावी आणि पाणजूच्या होडीकडे कोणीं पाहूं नये, असें होऊं नये.

येथें ग्रीस देशापासून खरोखर शिकण्यासारखें कांहीं आहे. प्रवाशांनीं फुललेल्या बेटांकडे जाणारीं जहाजें आपला खर्च आपण भागवितात; पण जेथें हिवाळ्यांत मोजके उतारू उतरतात त्या बेटांकडेहि जहाज जावें म्हणून तेथील सरकार पैसे देतें. लोक अशा मार्गास 'नापीक मार्ग' म्हणतात. नफा नसलेला मार्गहि राज्याचाच रस्ता आहे, अशी त्यामागील समजूत. ज्या देशानें समुद्रावर सत्ता गमावणें व मिळविणें दोन्ही पाहिलें, त्यानें हा निष्कर्ष काढावा यांत नवल नाहीं.

आपणहि तो काढूं शकतों. खाडींतील तर हा जर रस्ताच असेल, तर रस्त्यास जसा हिशेब लावतात तसाच तिलाहि लावला पाहिजे : किती पैसे मिळाले हें नव्हे, तर पलीकडे कोण राहतें हें पाहून. चिमाजी आपांनीं एकेक उतार जिंकला तो शत्रूची वाट तोडण्यासाठीं. आपणांस तेच उतार आपल्या माणसांची वाट चालू ठेवण्यासाठीं राखावयाचे आहेत. वसईच्या किल्ल्याचे बुरूज पाहावयास जाणारांनीं बुरुजावरून खालच्या धक्क्याकडेहि दृष्टि टाकावी. इतिहासाचा अर्धा भाग तेथें अजून पाण्यावर चालत आहे.