पदक लंडनचे, गिऱ्हाईक गावचे

ब्रिटनमध्ये हिवाळा सरत आला की हौशी मासेमारांमध्ये एक जुना वाद नव्याने रंगतो. गळ, रॉड, रीळ, दोरा असे सगळे सामान एका छपराखाली मांडणारी मोठी प्रदर्शने याच सुमारास भरतात, तिथे सवलतीही भरघोस असतात. मग काही जण म्हणतात, गावातल्या दुकानदाराच्या पोटावर पाय देऊन ही खरेदी करायची कशाला? दुसरे विचारतात, दुकानदाराला जगवण्यासाठी आम्ही जादा पैसे का मोजायचे? दोन्ही बाजू एक गोष्ट गृहीत धरून चालतात, ती म्हणजे प्रदर्शन आणि दुकान हे एकमेकांचे जन्मजात वैरी आहेत. या धंद्याचा इतिहास पाहिला तर तसे दिसत नाही. एकोणिसाव्या शतकात प्रदर्शनाने गावच्या दुकानाला मोठे केले, आणि प्रदर्शनात मांडण्याजोगे जे होते त्यातले बरेचसे गावच्या दुकानातच जन्मले. बिघाड झाला तो प्रदर्शनाने दाखवण्याचे काम मागे टाकून विकण्याचे काम हाती घेतले तेव्हा. त्यामुळे प्रदर्शन हवे की नको, यापेक्षा प्रदर्शनात नेमके काय चालते हे विचारणे जास्त उपयोगाचे आहे.

दुकानापासून सुरुवात करू. आयझॅक वॉल्टनचे ‘द कम्प्लीट अँगलर’ 1653 साली प्रथम निघाले. गळाच्या मासेमारीवरचे हे इंग्रजीतले सर्वांत गाजलेले पुस्तक. त्यात वॉल्टन लंडनमधल्या सामान विकणाऱ्यांची नावे पत्त्यासकट सांगतो: एक सेंट पॉलच्या आवारात पुस्तकविक्रेत्यांच्या शेजारी, दुसरा गोल्डिंग लेनमध्ये. माल कुठला घ्यावा याइतकेच तो कोणाकडून घ्यावा हेही महत्त्वाचे, ही समज तेव्हापासूनची आहे. पुढे वुस्टरशरमधले रेडिच हे सुया बनवणारे गाव गळांचेही आगर झाले. सुई आणि गळ दोन्ही पोलादी तारेचे, दोन्हींना टोक काढावे लागते आणि पाणी द्यावे लागते, तेव्हा एका धंद्याचे कसब दुसऱ्यात सहज उतरले. रेडिचच्या ऑलकॉकसारख्या कारखान्यांनी जगभर माल पाठवला, पण तो गिऱ्हाइकाच्या हाती पडे दुकानदारामार्फतच. कारखान्यात बनलेल्या कितीतरी रिळांवर कारखान्याऐवजी विकणाऱ्या दुकानाचे नाव कोरलेले असे. गिऱ्हाइकाचा विश्वास त्या नावावर होता आणि कारखानदारालाही ते ठाऊक होते.

हा विश्वास उगाच बसलेला नव्हता. मे 1854 मध्ये डरहॅमचे पाद्री विल्यम ग्रीनवेल स्कॉटलंडच्या सीमेवर ट्वीड नदीवर मासेमारी करत होते. पाण्यावर एक किडा दिसत होता, ट्राउट मासे त्याच्यावर तुटून पडत होते, आणि ग्रीनवेल यांच्याकडची एकही नकली माशी त्यांना भुलवत नव्हती. त्यांनी तो किडा पकडून नदीकाठच्या स्प्राउस्टन गावात जेम्स राइट या माश्या बांधणाऱ्या कारागिराकडे नेला. राइटने ब्लॅकबर्डच्या पिसाचे पंख आणि मेण लावलेल्या पिवळ्या रेशमाचे अंग देऊन त्या किड्याची नक्कल बांधली. ‘ग्रीनवेल्स ग्लोरी’ या नावाने ती माशी आजही बांधली आणि वापरली जाते. पुढे 1879 मध्ये इंग्लंडच्या दक्षिणेला, इचेन नदीकाठच्या विंचेस्टरमध्ये, जॉन हॅमंडच्या दुकानात फ्रेडरिक हॅलफर्ड आणि जॉर्ज मॅरियट यांची भेट झाली. त्या ओळखीतून निघालेल्या कामावर हॅलफर्डने 1886 मध्ये पाण्यावर तरंगणाऱ्या नकली माश्यांचे पुस्तक लिहिले, आणि त्यातल्या पद्धतीने पुढची कित्येक वर्षे इंग्लंडमधल्या चुनखडीच्या नद्यांवर अधिराज्य केले. कारागीर नदीपासून हाकेच्या अंतरावर नसता तर ग्रीनवेल यांचा किडा त्याच्यापर्यंत पोचला नसता. दुकान हे दोन अनोळखी जाणकारांना भेटवणारे ठिकाण नसते तर हॅलफर्डचे पुस्तकही कदाचित वेगळे झाले असते. दुकानात मालासोबत त्या एका नदीची माहिती मिळत होती, आणि तिचे वेगळे बिल कोणी लावत नव्हते.

आता प्रदर्शनाकडे वळू. 12 मे 1883 रोजी लंडनच्या साउथ केन्सिंग्टनमध्ये आंतरराष्ट्रीय मत्स्य प्रदर्शन उघडले. ऑक्टोबरअखेरपर्यंत सुमारे 27 लाख लोकांनी ते पाहिले. जाळी, होड्या, जीवरक्षक नौका, मत्स्यबीज, खारवलेले मासे आणि गळाचे सामान, सगळे तिथे होते. हिंदुस्थानच्या विभागाचे काम फ्रान्सिस डे यांच्याकडे होते. ‘द फिशेस ऑफ इंडिया’ हा मोठा ग्रंथ लिहिणारे ते हेच. हिंदुस्थानचा गळाच्या सामानाशी असलेला आणखी एक धागा मात्र इंग्रजी रॉडमध्येच होता. तेव्हाचे उत्तम रॉड बंगालकडून येणाऱ्या ‘कलकत्ता केन’ नावाच्या बांबूचे बनत. बांबू उभा चिरायचा, त्याच्या त्रिकोणी छेदाच्या सहा पट्ट्या तासायच्या आणि सरसाने एकमेकींना चिकटवायच्या. षटकोनी, आतून भरीव अशी काठी तयार होई आणि बांबूचे चिवट बाहेरचे अंग सगळीकडून बाहेरच राही. पट्टी किंचित जाड-बारीक झाली तरी काठीचा तोल बिघडे. अशा कामाचे मोल गावात बसून फार तर शेजारच्या नदीवरच्या माणसांना कळले असते. त्याला सुवर्णपदक मिळाले म्हणजे ते देशाला कळे.

नॉर्थंबरलँडमधल्या ॲनिक या छोट्या गावात विल्यम हार्डीने 1872 मध्ये बंदुका आणि सुऱ्या-कात्र्यांचे दुकान काढले होते. भाऊ जॉन जेम्स आल्यावर दोघे मासेमारीच्या सामानाकडे वळले. 1883 च्या प्रदर्शनात हार्डी बंधूंना सुवर्णपदक मिळाले आणि लंडनपासून इतक्या दूरच्या गावातले दुकान देशभर गाजले. अमेरिकेतही असेच घडले. व्हरमाँटमधल्या मँचेस्टर गावात चार्ल्स ऑर्व्हिसने 1856 मध्ये दुकान काढले. त्याची मुलगी मेरी ऑर्व्हिस मार्बरी हिने ठिकठिकाणच्या मासेमारांना पत्रे पाठवून कोणत्या पाण्यावर कोणती माशी चालते याची माहिती गोळा केली, आणि 1892 मध्ये तिचे पुस्तक केले. 1893 च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात ऑर्व्हिसने माश्यांचे आणि मासेमारीच्या छायाचित्रांचे फलक लावले. ते आज मँचेस्टरच्याच संग्रहालयात आहेत. म्हणजे स्थानिक ज्ञान दुकानात साठले, प्रदर्शनात लोकांपुढे आले आणि गिऱ्हाईक होऊन पुन्हा दुकानाच्या दारात उभे राहिले. परीक्षकांनी माल पारखायचा, लोकांनी पाहायचा, आणि विकत घ्यायला दुकान गाठायचे, अशी ही कामाची वाटणी होती.

यावर कोणी म्हणेल, हार्डीचेच उदाहरण तुमच्यावर उलटते. पदक मिळाल्यावर हार्डी गावचा दुकानदार राहिला कुठे? त्याने जाडजूड कॅटलॉग छापले, टपालाने माल पाठवला, 1890 च्या दशकात लंडनमध्ये स्वतःचे दुकान थाटले, आणि ज्या गावांत त्याचे पार्सल गेले तिथल्या दुकानदारांचा धंदा घटला असणार. हा आक्षेप खरा आहे आणि तो मान्य करायलाच हवा. दुकानावरचा पहिला घाव प्रदर्शनाने नव्हे, कॅटलॉगने घातला. पण टपालाच्या धंद्यातही एक मर्यादा होती. ब्रँडच्या मालाची किरकोळ किंमत उत्पादकाने ठरवून देण्याची पद्धत ब्रिटनमध्ये रुजलेली होती, त्यामुळे तीच वस्तू दुसरीकडे निम्म्या भावात मिळण्याची सोय फारशी नव्हती. 1964 मध्ये एडवर्ड हीथ यांनी रीसेल प्रायसेस ॲक्ट आणून ही पद्धत बहुतेक मालापुरती मोडीत काढली. ग्राहकाच्या दृष्टीने ते चांगलेच झाले. मात्र त्यानंतर दुकानदार किमतीच्या लढाईत उघडा पडला, कारण भाडे, साठा आणि सल्ल्यात जाणारा वेळ यांचा खर्च त्याला चुकत नव्हता आणि दोन दिवस हॉल घेणाऱ्याला तो नव्हता.

इथे प्रदर्शनांचे दोन प्रकार वेगळे केले पाहिजेत. व्यापाऱ्यांसाठी भरणाऱ्या प्रदर्शनात, उदाहरणार्थ अमेरिकेतल्या ‘आयकास्ट’मध्ये, सर्वसामान्य ग्राहकाला प्रवेश नसतो. उत्पादक नवा माल मांडतो आणि दुकानदार तो हाताळून, दहा जणांशी बोलून मागणी नोंदवतो. 1883 ची वाटणी इथे जवळपास तशीच टिकून आहे आणि तिने दुकानाचे भलेच होते. दुसरा प्रकार ‘प्रदर्शन व विक्री’चा, आणि त्याची वेळ पाहिली की तक्रार कळते. 1878 च्या कायद्याने इंग्लंडमध्ये गोड्या पाण्यातल्या बहुतेक माशांना विणीच्या काळात अभय दिले. 15 मार्चपासून जूनच्या मध्यापर्यंत गळ टाकणे बंद, आणि 16 जूनला हंगाम उघडायचा. तळ्यांवरची ही बंदी 1995 मध्ये आणि कालव्यांवरची 2000 मध्ये बहुतेक ठिकाणी उठली, नद्यांवर ती अजून आहे. हंगामाआधी मासेमार नवा रॉड, नवे रीळ अशी मोठी खरेदी करतो आणि त्याच नफ्यावर दुकानाचे वर्ष निघते. नेमक्या त्याच आठवड्यांत हॉलमध्ये विक्री लागली की मोठी खरेदी तिकडे वळते आणि दुकानाकडे उरतात अळ्या.

अळ्यांचा धंदा जवळून पाहण्यासारखा आहे. ब्रिटनमध्ये माशांसाठी आमिष म्हणून जिवंत अळ्या पाइंटच्या मापाने विकतात. त्या फ्रिजमध्ये ठेवाव्या लागतात, कारण उष्णतेने त्यांचे कोष होतात. ते कोषही आमिष म्हणून चालतात, पण फिकट असेपर्यंत ते पाण्यात बुडतात आणि काळपट झाले की तरंगतात. तेव्हा कोणत्या वाराला किती अळ्या बाहेर काढायच्या याचा हिशोब दुकानदाराला ठेवावा लागतो. शनिवारी पहाटे दुकान उघडणे, स्थानिक क्लबच्या पाण्याचे दिवसाचे तिकीट देणे, कालच्या पावसाने नदी किती चढली ते सांगणे, हे सारे याच गल्ल्यावर होते. यात पैसा थोडा आणि राबणे फार. मोठ्या वस्तूंची विक्री या कामाचा खर्च भागवत होती. ती गेली की अळ्याही एक दिवस मिळेनाशा होतात, आणि त्या कुठल्याच प्रदर्शनातून आणता येत नाहीत.

दुसरा आक्षेप जास्त धारदार आहे. गावच्या दुकानाचे गुणगान हे सुखवस्तूंचे स्मरणरंजन आहे, असे म्हणता येईल. ग्रीनवेल पाद्री होते, हॅलफर्ड पैसेवाला होता. शेफील्डचे कामगार सुट्टीच्या दिवशी रेल्वेने लिंकनशरच्या विथम नदीवर जात, त्यांना स्वस्त सामान हवे होते आणि ते त्यांना रेडिचच्या कारखान्यांनी दिले. आजही कमी कमाईच्या माणसाने सवलतीत रॉड घेतला तर त्याला बोल लावण्याचा अधिकार कोणाला? कोणालाच नाही. शिवाय सगळी दुकाने राइटच्या दुकानासारखी नसतात. धूळ खात पडलेला माल, ठराविक दोन-तीन ब्रँड आणि नवख्याला तुच्छ लेखणारा मालक हेही याच धंद्याचे रूप आहे. अशा दुकानाला निव्वळ जवळ आहे म्हणून आधार देणे म्हणजे आळसाला बक्षीस देणे. पण या आक्षेपातून इतकेच निघते की दुकानाला पाठिंबा द्यायचा तो त्याच्या कामासाठी, पत्त्यासाठी नव्हे. काम असते तेव्हा ते सगळ्यांच्याच उपयोगी पडते. शिशाची छोटी वजने गिळून हंस मरतात हे स्पष्ट झाल्यावर 1 जानेवारी 1987 पासून ब्रिटनमध्ये 0.06 ते 28.35 ग्रॅमच्या दरम्यानच्या शिशाच्या वजनांच्या विक्रीवर बंदी आली. पर्यायी वजनांचा आकार आणि भार वेगळा, तेव्हा तरंगती काडी नव्याने कशी तोलायची हे गिऱ्हाइकाने विचारायचे कोणाला? कायदा संसदेत झाला, पण तो नदीवर उतरवण्यातला मोठा वाटा दुकानाच्या गल्ल्यावरच उचलला गेला असणार.

या सगळ्याचा ताळा मांडला तर खरा दोष आयत्या बिळावर नागोबा होण्याचा आहे. दुकानात अर्धा तास रॉड हातात घेऊन तोल पाहायचा, नदीची खबर घ्यायची, आणि खरेदी हॉलमध्ये करायची, असे करणारा गिऱ्हाईक फक्त किंमत वाचवत नाही, तो सल्ल्याचा खर्च दुसऱ्यावर ढकलतो. प्रदर्शनात जाऊन जे दुकानात कधीच दिसणार नव्हते ते पाहणे, किंवा ज्याच्या गावात दुकानच नाही त्याने तिथे खरेदी करणे, यात असा दोष नाही. म्हणून बहिष्काराची हाक फोल आहे आणि ‘बाजार ठरवेल’ हे उत्तरही अपुरे, कारण ज्या ज्ञानाचे बिल लागत नाही त्याचा भाव बाजाराला ठरवता येत नाही. आयोजकांनी हॉलमध्ये नोंदवलेली मागणी गिऱ्हाइकाच्या गावच्या दुकानातून पुरी करण्याची सोय ठेवली आणि शेजारच्या दुकानदारांना परवडेल अशा भाड्यात गाळे दिले, तर 1883 ची वाटणी आजच्या काळातही बसवता येते. उत्पादकाचाही यात स्वार्थ आहे. पदक त्याला परीक्षक देतील, सवलतीने दोन दिवसांची गर्दीही जमेल, पण त्याचा रॉड कोणत्या नदीवर का चालत नाही हे त्याला सांगायला दुकानदारच लागेल, आणि तो टिकवण्याचा खर्च उत्पादक, आयोजक व गिऱ्हाईक या तिघांनी वाटून घेणे हाच त्यातल्या त्यात स्वस्त सौदा आहे.