शर्यतीच्या मोटारीतून घरात आलेली खुर्ची

२०२०च्या टाळेबंदीत जेवणाच्या टेबलाच्या खुर्चीवर आठ-आठ, दहा-दहा तास बसून पुष्कळांच्या कमरा धरल्या, आणि तेव्हापासून मध्यमवर्गीय घरांत एक नवे आसन दिसू लागले. उंच पाठ, काळ्यावर लाल किंवा निळे पट्टे, खांद्यांशी आणि मांड्यांशी दोन्ही बाजूंनी पुढे आलेले पंख, मानेला एक उशी, कमरेला एक उशी आणि पाठीच्या वरच्या भागात दोन भोके. हिला गेमिंग चेअर म्हणतात. तिच्यावर बसणारे सगळेच संगणकावर खेळणारे नसतात. कोणी रात्रपाळीला परदेशातल्या गिऱ्हाइकांशी बोलत असतो, कोणी स्पर्धा परीक्षेची तयारी करत असते. जाहिरातीत तिच्या नावामागे 'अर्गोनॉमिक' हे विशेषण हटकून असते. घरातल्या मुलाने किंवा सुनेने अशी खुर्ची मागितली की वडीलधाऱ्यांना प्रश्न पडतो, ही खरोखर तासन्‌तास बसण्यासाठी केलेली आहे की नुसता देखावा? दुकानदाराला हा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही. खुर्चीच्या कुळात शिरले, तर मात्र उत्तर बरेचसे हाती लागते.

त्या दोन भोकांपासूनच सुरुवात करू. शर्यतीच्या मोटारीत चालकाला खांद्यांवरून येणाऱ्या पट्ट्यांनी आसनाला जखडलेले असते. ते पट्टे ओवण्यासाठी ही भोके. पंखांचे कामही तेच. गाडी वेगात वळली की शरीर बाहेरच्या बाजूला फेकले जाते. पंख त्याला धरून ठेवतात. जर्मनीत श्टुटगार्ट येथे विल्हेल्म रॉयटर याने १९०६ साली गाड्यांचे सांगाडे बांधण्याचा कारखाना काढला. पुढे हा कारखाना पोर्शेच्या गाड्यांचे सांगाडे करू लागला आणि १९६३मध्ये पोर्शेनेच तो विकत घेतला. रॉयटर मंडळींनी मग फक्त आसनांचा धंदा ठेवला, आणि रॉयटर व कारोसरी या दोन शब्दांच्या पहिल्या अक्षरांतून 'रेकारो' हे नाव जुळवले. मोटारीचे आसन हा स्वतंत्र विषय आहे हे जगाला पटवून देणाऱ्यांत हे नाव फार वरचे. त्यानंतर चाळीसेक वर्षांनी, २००६च्या सुमारास, डीएक्सरेसर या कंपनीने अशाच घाटाचे आसन पाच चाकांच्या पायावर बसवून संगणकावर खेळणाऱ्यांसाठी बाजारात आणले. ते चालले, आणि मग शेकडो कारखान्यांनी तोच साचा उचलला.

म्हणजे ज्या खुर्चीवर आपण हलू नये म्हणून तिचा घाट ठरला, ती आपण कधीही वळण न घेणाऱ्या खोलीत आणून ठेवली आहे.

बसणाऱ्याला एका जागी जखडण्याची ही खोड मोटारीपासून लागलेली नाही. मुळात खुर्ची ही आरामाची वस्तू म्हणून जन्मलीच नव्हती. 'खुर्ची' हा आपला शब्द अरबी 'कुर्सी'चे फारसीमार्गे आलेले रूप, आणि त्याला सत्तेचा वास पहिल्यापासून आहे. आजही मराठीत खुर्ची जाते, खुर्ची टिकते, खुर्चीला माणूस चिकटतो. इंग्रजी अमदानीत उत्तर हिंदुस्थानात साहेबासमोर खुर्चीवर बसण्याचा अधिकार ज्याला दिला तो 'कुर्सीनशीन' म्हणवला जाई, आणि त्याचे रीतसर प्रमाणपत्र मिळे. सत्तेच्या आसनावर माणूस ताठ दिसला पाहिजे. त्याच्या कमरेचे काय होते हे कोण पाहतो?

काम करणारा माणूस आपल्याकडे जमिनीवरच बसे. पेढीवर गादी, पाठीशी लोड, मांडीशी तक्क्या आणि पुढ्यात उतरते डेस्क. जुन्या चित्रांत लेखनिक एक गुडघा उभा करून त्यावर कागद धरून लिहिताना दिसतो. मोडी कागद वाचताना मला नेहमी वाटते की या लांबलचक, न तुटणाऱ्या ओळींमागे किती वेळा बदललेली मांडी असेल. जमिनीवर बसलेला माणूस नकळत चुळबुळ करतो. उजवी मांडी, डावी मांडी, गुडघा उभा, लोडाला टेकणे, पुन्हा पुढे वाकणे. पण म्हणून आपले पूर्वज कंबरदुखीविना जगले अशी आरती ओवाळण्याचे कारण नाही. इटलीतला वैद्य बेर्नार्दिनो रामाझ्झिनी याने १७०० साली कारागिरांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. त्यात मांडी घालून दिवसभर शिवणाऱ्या शिंप्यांच्या बधिर होणाऱ्या पायांचे आणि वाकलेल्या पाठीचे वर्णन आहे. १७१३च्या वाढीव आवृत्तीत तो लेखनिकांकडे वळला. त्यांच्या दुखण्याची कारणे त्याने तीन सांगितली : सतत बसणे, हाताची तीच ती हालचाल आणि चूक होऊ नये म्हणून मनावर पडणारा ताण. संगणकापुढे बसणाऱ्या आजच्या माणसाला यात चौथे कारण घालावे लागेल असे मला वाटत नाही.

'अर्गोनॉमिक' या शब्दाची कथा वेगळीच. पोलंडचा निसर्गशास्त्रज्ञ वोइचेख यास्त्शेंबोव्स्की याने १८५७ साली ग्रीक भाषेतले 'काम' आणि 'नियम' हे दोन शब्द जोडून तो घडवला. तो विस्मरणात गेला. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये १९४९ साली तो नव्याने रूढ झाला, कारण युद्धात एक गोष्ट कळून चुकली होती : यंत्र कितीही चांगले असो, माणसाच्या मापाचे नसेल तर माणूस चुकतो.

पण माणसाचे माप म्हणजे कोणाचे माप? अमेरिकी हवाई दलाला हा प्रश्न विमानाच्या कॉकपिटमुळे पडला. तिथल्या गिल्बर्ट डॅनियल्स या तरुण संशोधकाने ४,०६३ वैमानिकांची मापे तपासली. उंची, छाती, हाताची लांबी अशी दहा मापे घेतली, प्रत्येकाची सरासरी काढली आणि दहाही मापांत सरासरीच्या आसपास येणारे किती, ते मोजले. एकही निघाला नाही. सरासरी माणसासाठी केलेले आसन म्हणजे कोणासाठीच न केलेले आसन, हे त्यातून सिद्ध झाले. मागे-पुढे, वर-खाली सरकणाऱ्या आसनांचा आग्रह तिथून जोर धरू लागला. त्याच दशकात, १९५५मध्ये, हेन्री ड्रेफस या रचनाकाराने आपल्या पुस्तकात 'जो' आणि 'जोसेफिन' ही अमेरिकी जोडी मापांसह रेखाटली. पुढची कितीतरी वर्षे जगभरच्या वस्तू अशाच मापांवर बेतल्या गेल्या. आपल्याकडे अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने देबकुमार चक्रवर्ती यांचा भारतीय शरीरमापांचा ग्रंथ १९९७मध्ये प्रसिद्ध केला. तोवर आपला रचनाकार बहुतेक परक्याच्या मापानेच कापड कापत होता. गेमिंग चेअरच्या बाबतीत ते अजूनही चालू आहे.

आता मणक्याकडे. इथे जरा थांबावे लागेल, कारण 'ताठ बस' हा आपल्या शाळेतला मंत्र इथेच तपासला गेला. १९५३ साली अमेरिकेतल्या ओमाहा शहरातले शल्यविशारद कीगन यांनी निरनिराळ्या स्थितींत माणसाच्या कण्याच्या क्ष-किरण प्रतिमा घेतल्या. उभे असताना कमरेशी कण्याला आतल्या बाजूने एक बाक असतो. मांडी धडाशी काटकोनात आली की मांडीच्या मागचे आणि नितंबाचे स्नायू कमरेचे हाड मागे ओढतात आणि तो बाक सपाट होतो. एका कुशीवर सैल पडलेल्या माणसाचे स्नायू सगळ्या बाजूंनी निवांत असतात, तेव्हा धड आणि मांडी यांत सुमारे १३५ अंशांचा कोन असतो. शाळेच्या बाकाने मागितलेला ९०चा काटकोन निसर्गाच्या हिशेबात कुठेच नव्हता.

स्वीडनमध्ये आल्फ नाखेमसन यांनी याहून धाडसी प्रयोग केला. त्यांनी जिवंत माणसांच्या मणक्यांमधल्या चकतीत सुई घालून तिथला दाब मोजला. उभ्या माणसाचा दाब १०० धरला, तर आधाराविना बसलेल्याचा सुमारे १४० आणि उताणे झोपलेल्याचा २५ निघाला. त्यांच्याच मंडळींनी १९७०च्या दशकात दाखवले की खुर्चीची पाठ मागे कलवली आणि कमरेला आधार दिला, की दाब आणि स्नायूंचा ताण दोन्ही उतरतात. 'बसणे उभे राहण्यापेक्षा वाईट' हे वाक्य या आकड्यांवर जगभर फिरले. मग १९९९मध्ये जर्मनीतल्या उल्म येथे विल्के आणि सहकाऱ्यांनी नव्या उपकरणाने तोच प्रयोग पुन्हा केला. माणूस एकच, पंचेचाळीस वर्षांचा. पण दिवसभराची आणि रात्रीची प्रत्येक स्थिती मोजलेली. त्यात सैल बसलेल्याचा दाब उभ्या माणसापेक्षा किंचित कमीच आला! एका माणसावरून शास्त्र ठरत नाही हे खरे, पण जुना आकडा डोळे मिटून सांगण्याची सोय त्याने संपवली. २००६ साली स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनच्या डॉक्टरांनी २२ निरोगी माणसांना बसत्या स्थितीत एमआरआय यंत्रात तपासले. पुढे वाकून, ताठ ९० अंशांत आणि मागे १३५ अंशांत अशा तीन बैठकी होत्या. चकत्या सर्वांत कमी सरकल्या त्या १३५ला. कीगनचा आकडा अर्ध्या शतकानंतर दुसऱ्या दाराने परत आला.

डेन्मार्कचे शल्यविशारद मांदाल यांनी उलट दिशेने विचार केला. वर्गातली मुले खुर्ची पुढच्या दोन पायांवर झुकवून का बसतात, हे त्यांनी पाहिले. मास्तर त्याला वाह्यातपणा म्हणतात. मांदाल म्हणाले, मूल आपल्या कमरेचा बाक सांभाळते आहे. पुढे उतरती बैठक आणि उतरते मेज यांचा त्यांनी आयुष्यभर पुरस्कार केला. आमच्या पेढीवरच्या मुनिमाचे डेस्क त्यांनी पाहिले असते तर त्यांना नवल वाटले नसते.

या साऱ्या शोधांचे खुर्चीतले फळ म्हणजे अमेरिकेत १९९४ साली हर्मन मिलर कंपनीने आणलेली एरॉन. बिल स्टम्फ आणि डॉन चॅडविक हे तिचे रचनाकार. या दोघांनी आधी वृद्धांसाठी आसन करण्याचा घाट घातला होता. म्हातारी माणसे फोमच्या आरामखुर्चीत तासन्‌तास पडून राहतात, घाम साचतो, कातडीला जखमा होतात, हे त्यांनी पाहिले. म्हणून फोम काढून टाकला आणि ताणलेली जाळी लावली. चपलेसारखी खुर्चीही लहान, मध्यम, मोठी अशा तीन मापांत काढली. पुढे इंटरनेट कंपन्यांच्या भरभराटीत ती मिरवण्याची वस्तू झाली आणि त्या कंपन्या बुडाल्यावर जुन्या बाजारात आली, हा भाग गमतीचा. आपल्याला महत्त्वाचे आहे ते हे की तिचे मूळ म्हाताऱ्यांच्या दुखण्यात आहे, आणि तिची जाळी पाहून मराठी माणसाला परके काही वाटू नये. सरकारी कचेरीतली वेताने विणलेली खुर्ची याच तत्त्वावर होती. वेत अंगाबरोबर किंचित दबतो, हवा खेळू देतो, आणि सैल पडला की पुन्हा विणता येतो. आपल्या अंधशाळांमधून हे विणकाम शिकवले जाई. त्या खुर्चीची पाठ मात्र काटकोनातलीच राहिली, आणि पुढे रेक्झिनने वेतालाही हटवले.

या पार्श्वभूमीवर गेमिंग चेअरचा न्याय करायचा, तर तिच्या बाजूनेही बोलायला हवे. तिची पाठ बहुधा दीडशे अंशांच्याही पुढे कलते. त्यामुळे १३५ अंशांची सोय जेवणाच्या खुर्चीपेक्षा, आणि कितीतरी कचेऱ्यांतल्या खुर्च्यांपेक्षा, इथे अधिक आहे. अडचण एवढीच की तितके कलले की हात कळफलकापासून सुटतात. म्हणून दुकानात पाठ किती कलते हे विचारून थांबू नये. पाठ मोकळी सोडल्यावर आपल्या भाराने पुढे-मागे झुलते का, की एका खाचेत अडकून बसते, ते बसून पाहावे. झुलणारी घ्यावी. खांद्याचे पंख रुंद माणसाचे खांदे पुढे दाबतात. मांडीकडचे पंख उंच असतील तर मांडी घालता येत नाही, आणि मांडी घालणाऱ्या समाजाला हा दोष लहान नाही. कमरेची उशी पट्ट्याने वर-खाली सरकते, त्यामुळे ती आपल्या बाकाशी जुळवता येते. फुगीर असेल तर सरळ काढून ठेवावी. पाठ टेकून बसल्यावर गुडघ्याच्या मागे दोन-तीन बोटे जागा राहायला हवी, आणि खुर्चीचे हात टेबलाच्या उंचीला यायला हवेत. रेक्झिनबद्दल कोकणातल्या किंवा मुंबईतल्या वाचकाला मी काय सांगावे? दमट हवेत त्याचे पापुद्रे सुटतात आणि उन्हाळ्यात पाठ चिकटते. त्याच किमतीत जाळीची साधी कचेरीची खुर्ची मिळत असेल, तर माझे मत तिच्या बाजूने पडेल.

खुर्चीपलीकडचीही एक गोष्ट आहे. लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरच्या माणसांचा जेरी मॉरिस यांनी केलेला अभ्यास १९५३ साली प्रसिद्ध झाला. दिवसभर जिने चढणाऱ्या कंडक्टरांपेक्षा बसून राहणाऱ्या चालकांना हृदयविकार जास्त, असे त्यात दिसले. पण १९५६मध्ये याच मंडळींनी गणवेशांच्या नोंदी काढल्या, तेव्हा तरुण चालकांच्या विजारींची कंबरही कंडक्टरांपेक्षा मोठी निघाली. म्हणजे दोष सगळा बसण्याचा होता की बसायच्या कामाला माणसेच वेगळी येत होती, हा प्रश्न त्यांनी स्वतःच उभा केला. बसण्याचे दुष्परिणाम खुर्ची भरून काढते, असे मात्र कोणत्याही अभ्यासाच्या आधारे म्हणता येत नाही. तासाभराने उठणे भागच आहे.

राहता राहिली उंची. यातल्या पुष्कळ खुर्च्या कितीही खाली केल्या तरी बसायची जागा जमिनीपासून ४५ सेंटिमीटरच्या आसपासच थांबते. पाच फूट उंचीच्या बाईची गुडघ्यामागच्या खळगीपासून टाचेपर्यंतची लांबी ३७-३८ सेंटिमीटर भरते. तिचे पाय अधांतरी राहतात, मांडीखालची कड रुतते, आणि ती पुढे सरकून बसली की हजारो रुपयांची ती पाठ रिकामीच राहते. खुर्ची परत करता येत नसेल तर माळ्यावरून जेवणाचा जुना पाट काढावा आणि पायाखाली घ्यावा. एकाने भागले नाही, तर एकावर एक दोन.