लाज कोणीं धरावी?

श्रोतेहो, लहानपणीं आमच्याकडून कांहीं आगळीक झाली, कीं घरांतील वडील मंडळी एक वाक्य हटकून ऐकवीत: "अरे, जनाची नाहीं, तर मनाची तरी लाज धर!" पुढें मास्तर झाल्यावर हेंच वाक्य मीं शेंकडों मुलांना ऐकविलें. परंतु या लहानशा वाक्यांत लाजेच्या दोन जाती सांगितल्या आहेत, आणि त्या दोहोंचें एकमेकींशीं नेहमींच पटतें असें नाहीं, हें ध्यानांत येण्याला मला शाळेंतून निवृत्त व्हावें लागलें. मी कांहीं इतिहाससंशोधक नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला एक शाळामास्तर आहें. तरी आपल्याच प्रांताच्या इतिहासांतील तीनचार वर्षांच्या कांहीं हकीकती सांगून या दोन लाजांचा झगडा आपल्यापुढें मांडावा, असा आज विचार आहे.

लाज ही वस्तु आपल्या भाषेला किती जवळची आहे, हें शब्दांवरूनच कळतें. संस्कृतांत ह्री, लज्जा, त्रपा, व्रीडा असे शब्द आहेत. फारसींतून आपण शरम घेतली. शिवाय भीड, संकोच, नाचक्की, अब्रू हे शब्द आहेतच. लाजलेला मनुष्य मान खालीं घालतो, तोंड लपवितो, त्याला वर पाहवत नाहीं. हे सारे वाक्प्रचार तोंडाचे आणि डोळ्यांचे आहेत. कारण लाज वाटायला पाहणारा कोणीतरी लागतो. तो पाहणारा चार लोकांत असला म्हणजे ती जनाची लाज, आणि आपल्याच अंतःकरणांत बसलेला असला म्हणजे ती मनाची लाज.

जनाची लाज टाकाऊ आहे, असें माझें मुळींच म्हणणें नाहीं. शिपायाच्या दंडुक्यापेक्षां शेजाऱ्याच्या नजरेनें अधिक वाईट कृत्यें टळत असतील. घेतलेलें कर्ज लोक फेडतात, म्हाताऱ्या आईबापांना संभाळतात, यांत चारचौघांच्या बोलण्याचा धाक थोडा नसतो. परंतु ज्याचा अपराध नाहीं त्याच्याच माथीं ही लाज मारली गेली म्हणजे काय होतें, हें पाहावयाचें तर १८९० सालच्या पुण्यांत व मुंबईंत जावें लागेल.

त्या वर्षीं ऑक्टोबर महिन्यांत पुण्याच्या पंचहौद मिशनमध्यें एक व्याख्यान झालें. शहरांतील नामांकित मंडळी तेथें जमली होती. त्यांत महादेव गोविंद रानडे होते आणि बाळ गंगाधर टिळकहि होते. व्याख्यान आटोपल्यावर पाहुण्यांपुढें चहा आला. कोणी तो प्याले, कोणी यजमानांचा मान राखण्यापुरता पेला हातीं घेऊन खालीं ठेवला. गोष्ट एवढीच. परंतु डॉक्टर आनंदीबाई जोशी यांचे पति गोपाळराव हे मोठे खोडकर गृहस्थ होते. त्यांनीं हजर असलेल्यांचीं नांवें "पुणें वैभव" पत्रांत छापून आणलीं, आणि ख्रिस्ती लोकांच्या घरचा चहा घेतल्याचा बोभाटा सगळ्या शहरांत झाला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें, आणि १८९२ सालीं चौकशीसाठीं त्यांचे शास्त्री पुण्यास येऊन बसले.

आज आपल्याला याचें हंसूं येतें. परंतु बहिष्कार म्हणजे काय होतें, तें लक्षांत घ्या. घरांत श्राद्धपक्ष आला तर भटजी येत नसे. मुलाची मुंज, मुलीचें लग्न अडून बसे. पंगतींत पान मांडलें जात नसे. घरांत मृत्यु झाला तर खांदा द्यायला माणसें मिळण्याची पंचाईत पडे. आणि या जाचाचा मुख्य भार सोसावयाचा कोणीं? ज्यांनीं चहाचा थेंबहि चाखला नव्हता, त्या घरांतल्या बायकांनीं आणि म्हाताऱ्या माणसांनीं!

टिळकांनीं आपण काशीस प्रायश्चित्त घेतलें असल्याचें मांडलें. रानड्यांची गोष्ट अधिक विचार करण्यासारखी आहे. पुढच्याच वर्षीं ते मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ति व्हावयाचे होते. समाजसुधारणेचे ते अग्रणी होते. अशा पुरुषानें चहाबद्दल प्रायश्चित्त घेतलें! तें त्यांनीं स्वतःसाठीं घेतलें नाहीं. त्यांच्या स्नेह्यांच्या घरांत बहिष्कारामुळें फार क्लेश चालले होते, आणि रानड्यांनीं प्रायश्चित्त घेतलें तर त्या स्नेह्यांचीहि सुटका व्हावयाची होती. आपला मोठेपणा बाजूस ठेवून त्यांनीं तें केलें. त्यांच्या पत्नी रमाबाई यांनीं "आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी" या १९१० सालच्या पुस्तकांत ही हकीकत दिली आहे, आणि तें प्रायश्चित्त आपल्या मनाला किती लागलें, हें लपविलेलें नाहीं. सुधारक स्नेह्यांनीं रानड्यांना भित्रे म्हटलें, सनातन्यांनीं जिंकल्याचा आनंद मानला. मला स्वतःला त्यांना भित्रे म्हणवत नाहीं. दुसऱ्याच्या दुःखासाठीं ज्यानें आपली नाचक्की पतकरली, त्याला भित्रा कसें म्हणावें? परंतु त्यामुळें एक गोष्ट मात्र झाली. ज्यांनीं निरपराध माणसांना छळलें, त्यांना लाज वाटण्याचा प्रसंग टळला. लाज छळणाऱ्यांच्या पदरीं पडावयाची ती सोसणाऱ्यांच्याच पदरीं राहिली.

आतां याच १८९० सालीं मुंबईंत काय झालें, तें पाहूं. त्या काळीं आपल्या उच्च म्हणविणाऱ्या जातींत नवरा मेलेल्या बाईचें केशवपन करीत. कित्येकदां ती "बाई" आठदहा वर्षांची पोर असे. लग्न ठरविलें आईबापांनीं, नवरा गेला रोगानें. यांत त्या मुलीचा अपराध कोणता? तरी तोंड लपवावयाचें तिनें, माजघराच्या अंधाऱ्या कोपऱ्यांत बसावयाचें तिनें, शुभकार्याच्या वेळीं वाटेंतून दूर व्हावयाचें तिनें. ज्या घरानें हें केलें, तें घर उजळ माथ्यानें पंगतीला बसे. या रूढीवर पंडितांचे वाद पुष्कळ झाले होते. ग्रंथांतलीं वचनें एकमेकांच्या अंगावर फेंकून झालीं होतीं. परंतु त्या वर्षीं मुंबईच्या नाभिक लोकांनीं सभा भरविली आणि ठराव केला, कीं विधवांच्या डोक्याला यापुढें आपण वस्तरा लावणार नाहीं. सत्यशोधक चळवळीचे कार्यकर्ते नारायण मेघाजी लोखंडे यांचा या सभेमागें पुढाकार होता.

श्रोतेहो, या ठरावाचें मोल मला फार वाटतें. हे लोक हातावर पोट भरणारे. त्यांना कोणीं बहिष्कृत केलें नव्हतें, कोणीं दोषहि दिला नव्हता. उलट त्यांच्या कामाबद्दल त्यांना पैसे मिळत होते. वस्तरा आमचा असला तरी हुकूम यजमानाचा, असें म्हणून त्यांना सहज मोकळें होतां आलें असतें. त्यांनीं तसें म्हटलें नाहीं. जें आपल्या हातून घडतें त्याची लाज आपण धरली पाहिजे, असें त्यांना वाटलें. केशवपनाची चाल एका ठरावानें बंद पडली नाहीं. ती पुढेंहि पुष्कळ वर्षें चालली. परंतु लाज सोसणाऱ्यानें धरावयाची नसून करणाऱ्यानें धरावयाची, हा धडा शास्त्रीपंडितांच्या आधीं वस्तरा हातीं असलेल्यांनीं दिला.

योगायोग असा, कीं याच १८९० सालीं हरि नारायण आपटे यांनीं "करमणूक" साप्ताहिक काढलें व त्यांत "पण लक्षांत कोण घेतो?" ही कादंबरी क्रमशः येऊं लागली. यमू नांवाची एक मुलगी आपलें चरित्र आपणच सांगते, अशी तिची मांडणी आहे. या मुलीला वैधव्य येतें आणि तिचें केशवपन होतें. कादंबरीकारानें येथें कोणतीं प्रमाणवचनें दिलीं नाहींत, कीं वाद घातला नाहीं. त्यानें एवढेंच केलें, कीं जिनें माजघरांत गप्प बसावयाचें तिला बोलतें केलें. ती बोलूं लागली आणि घरोघरचे वाचक मान खालीं घालूं लागले. वाङ्मयाची खरी शक्ति मला येथें दिसते. जनाच्या लाजेला जो चार लोकांचा डोळा लागतो, तोच डोळा लेखक आंत वळवितो, आणि वाचक आपल्याच घराकडे पाहूं लागतो.

शेवटची हकीकत धोंडो केशव कर्वे यांची. हे गृहस्थ दापोलीजवळील मुरुडचे. १८९१ सालीं ते फर्ग्युसन कॉलेजांत गणित शिकविण्यास आले. त्याच वर्षीं त्यांची पहिली पत्नी वारली. पुनः लग्न करावयाचें तर विधवेशींच, असा त्यांनीं निश्चय केला, आणि १८९३ च्या मार्च महिन्यांत पुण्यांत गोदूबाई या बालविधवेशीं विवाह केला. पंडिता रमाबाईंच्या शारदासदनांत शिकलेल्या या बाई पुढें बाया कर्वे म्हणून ओळखल्या गेल्या. त्या वेळीं फर्ग्युसनचे मुख्य होते गोपाळ गणेश आगरकर; त्यांची तर पुणेकरांनीं जिवंतपणींच प्रेतयात्रा काढली होती!

कर्वे यांच्याविषयीं एक गोष्ट मुद्दाम सांगण्यासारखी आहे. ते स्वभावानें अतिशय लाजाळू होते. आपल्या आत्मवृत्तांत त्यांनींच हें नमूद केलें आहे. चारचौघांत बोलावयाचें म्हणजे त्यांना संकट वाटे. अशा मनुष्याच्या वाट्याला काय आलें? मुरुडच्या लोकांनीं सभा भरवून ठराव केला, कीं कर्वे हजर असतील त्या बैठकीला कोणीं जाऊं नये, आणि नातेवाइकांनीं त्यांना घरीं ठेवून घेतलें तर त्या नातेवाइकांनाहि वाळींत टाकावें. ज्या गांवच्या भल्यासाठीं त्यांनीं विद्यार्थिदशेपासून खटपट केली, त्याच गांवांत त्यांना आईच्या घरीं राहण्याची बंदी झाली. लोकांच्या नजरेचा ज्याला सर्वांत जास्त त्रास, त्यालाच लोकांनीं नजरेआड केलें.

तरी तो लाजाळू मनुष्य मागें फिरला नाहीं. १८९६ सालीं त्यांनीं अनाथ बालिकाश्रम काढला. १९०० सालीं तो पुण्याबाहेर हिंगण्यास एका झोंपडींत नेला. कॉलेजांतलें काम आटोपून ते रोज पायीं तेथें जात. आश्रमासाठीं त्यांनीं गांवोगांव हिंडून वर्गणी मागितली. बाया कर्व्यांनींहि तें काम केलें. आणि तरीहि त्यांनीं जनाची लाज अगदींच झुगारून दिली, असें नाहीं. आश्रमांत विधवांना शिकवावयाचें; त्यांच्या पुनर्विवाहाचा पुरस्कार मात्र तेथें करावयाचा नाहीं, असें धोरण त्यांनीं ठेवलें; नाहीं तर आईबापांनीं मुली पाठविल्याच नसत्या. ज्याचा स्वतःचा विवाह पुनर्विवाह, त्यानें असें धोरण ठेवावें याबद्दल त्यांच्यावर टीकाहि झाली. माझ्या मतें, रानड्यांप्रमाणें त्यांनींहि लोकांपुढें थोडी मान वांकविली. परंतु ती मुलींच्या शिक्षणाची वाट मोकळी व्हावी म्हणून. १९१६ सालीं त्यांनीं स्त्रियांचें विद्यापीठ काढलें आणि १९५८ सालीं, शंभराव्या वर्षीं, त्यांना भारतरत्न ही पदवी मिळाली. १९६२ सालीं ते वारले.

हा सर्व इतिहास मीं वर्गांत पुष्कळ वर्षें शिकविला. सन, नांवें आणि ठराव मुलांकडून पाठ करून घेतले. आणि त्याच वर्गांत मी काय करीत होतों, तें आतां सांगतों. आमच्या शाळेंत दर महिन्याला फी थकलेल्या मुलांची यादी मास्तरानें मोठ्यानें वाचावी व त्या मुलांना उभें करावें, असा रिवाज होता. एका मुलाचें नांव लागोपाठ तीन महिने आलें. त्याच्या वडिलांचें काम सुटलें होतें, हें मला माहीत होतें. तिसऱ्या महिन्यांत त्याला उभा करून मीं म्हटलें, "जनाची नाहीं, तर मनाची तरी लाज धर." वर्ग हंसला. तो मुलगा खालीं पाहत उभा राहिला आणि दुसऱ्या दिवसापासून शाळेंत आला नाहीं. मी त्याच्या घरीं गेलों नाहीं. आज जाऊं, उद्यां जाऊं, असें करतां करतां वर्ष संपलें.

यादी शाळेची होती, रिवाज शाळेचा होता, हें सांगून मी सुटूं पाहतों. परंतु मुंबईच्या त्या नाभिक लोकांना असें सुटतां आलें असतें आणि ते सुटले नाहींत, हें मला आठवतें. त्या दिवशीं वर्गांत लाज धरावयास पाहिजे होती ती त्या मुलानें नव्हे.

श्रोतेहो, आपल्या घरांतहि मुलें असतील, सुना असतील, कामाला येणारीं माणसें असतील. त्यांच्यापैकीं कोणाला चारचौघांत मान खालीं घालावयास लावण्याचा प्रसंग आला, तर तोंडांतून शब्द बाहेर पडण्यापूर्वीं क्षणभर थांबावें, आणि ही लाज खरोखर कोणीं धरावयाची आहे, एवढें मनाशीं विचारावें. इतकें सांगून मी आपली रजा घेतों.