निजवेळेची प्राणिकथा आणि मराठी चित्रपुस्तक

मुंबईहून कर्जतकडे जाणाऱ्या लोहमार्गावर कल्याण ओलांडले की उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर ही तीन गावे लागतात. तेथील अनेक घरांत आज लहान मुलाला निजवताना ससा, हत्ती किंवा अस्वल यांचे रंगीत पुस्तक हाती घेतले जाते. ही रीत जुनीच असावी, असा समज सहज होतो. वस्तुतः प्राणिकथा फार जुनी असली, तरी निजवेळेचे चित्रपुस्तक मराठीत बरेच उशिरा आले. या विलंबाची कारणे पाहिली असता बालकाविषयीच्या आपल्या कल्पनांचा इतिहासच उलगडतो.

मौखिक परंपरेचा सर्वांत परिचित नमुना म्हणजे शेणाच्या व मेणाच्या घरांची कथा. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी संकलित केलेल्या ‘लीळाचरित्रा’त ती आढळते. तेथे कावळ्यासमोर आहे ती साळै. चिमणी तिच्या जागी पुढे आली. कथेतील पाऊस, वाहून गेलेले घर आणि बंद दार यांत भय आहे. परंतु दार उघडण्यापूर्वी चिमणी एकामागून एक जी कारणे सांगते, त्यांच्या पुनरावृत्तीने श्रोत्याला गुंगी येते. शेवटही एकच नाही. काही घरांत कावळ्याला चटका बसतो, तर काही घरांत त्याला ऊब मिळते. श्रोत्याचे वय पाहून कथा सौम्य करण्याचा अधिकार सांगणाऱ्या आजीकडे होता.

मुद्रणाने मात्र निराळा मार्ग धरला. तंजावर येथे सरफोजी राजांच्या आश्रयाने 1806 साली छापलेला ‘बालबोधमुक्तावली’ हा ग्रंथ इसापाच्या कथांचे भाषांतर होता. मुंबईत सदाशिव काशिनाथ छत्रे यांची ‘इसपनीतिकथा’ 1828 साली प्रसिद्ध झाली. या पुस्तकांतील प्राणी शहाणपण शिकवावयास आलेले आहेत. कोल्हा लबाडीसाठी आणि गाढव मूर्खपणासाठी योजिले जाते, व अखेरीस तात्पर्य सांगितले जाते. हे पुस्तक वाचणारा मुलगा अक्षरे शिकलेला असे. पुढे विनायक कोंडदेव ओक यांचे ‘बालबोध’ (1881) आणि वासुदेव गोविंद आपटे यांचे ‘आनंद’ (1906) ही मासिके निघाली, तीही प्रामुख्याने वाचू शकणाऱ्या मुलांसाठीच. ज्याला अक्षरओळख नाही, असे तीन वर्षांचे मूल मुद्रित साहित्याच्या कक्षेबाहेरच राहिले.

रंगीत छपाईची सोय नव्हती, म्हणून असे झाले काय? इंग्लंडात रँडॉल्फ कॅल्डेकॉट यांची रंगीत चित्रपुस्तके 1878 पासून निघू लागली, व बीट्रिक्स पॉटर यांची पीटर या सशाची कथा 1902 साली लहान हातांत मावेल अशा आकारात प्रसिद्ध झाली. याच काळात, 1894 साली, राजा रविवर्मा यांचा शिळाप्रेस मुंबईत सुरू झाला होता. रंग होते आणि कारागीरही होते. परंतु ते देवादिकांच्या चित्रांकडे वळले. त्यामागील हिशोब समजण्यासारखा आहे. भिंतीवरील एक चित्र साऱ्या घराचे असते आणि वर्षानुवर्षे टिकते. अनेक रंगीत पानांचे पुस्तक मात्र एकट्या शिशूसाठी घ्यावे लागते, आणि ते तो थोड्याच दिवसांत फाडतो. तथापि खर्च हे अर्धेच कारण होय. शिशू हा पुस्तकाचा धनी होऊ शकतो, ही कल्पनाच अद्याप रुजली नव्हती.

ती रुजविण्याचे मोठे श्रेय ताराबाई मोडक (1892–1973) यांच्याकडे जाते. गिजुभाई बधेका यांच्यासमवेत भावनगर येथे त्यांनी मॉन्टेसोरीच्या तत्त्वांवर बालशिक्षणाचे कार्य केले. 1945 साली बोर्डी येथे त्यांनी ग्रामबालशिक्षणाचा प्रयोग आरंभिला व 1957 साली तो कोसबाडला नेला. ही दोन्ही गावे 2014 पर्यंत उल्हासनगर-बदलापूरप्रमाणेच ठाणे जिल्ह्यात होती. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी ताराबाई व अनुताई वाघ यांनी कुरणशाळा काढली. भय दाखवून मूल घडविता येत नाही, हा विचार या चळवळीने प्रसृत केला, आणि त्यामुळे कथेतील शिक्षा व तात्पर्य यांकडे नव्या दृष्टीने पाहणे शक्य झाले. पुढे मॉस्कोहून आलेली मराठी बालपुस्तके, 1957 साली स्थापन झालेल्या नॅशनल बुक ट्रस्टची प्रकाशने आणि माधुरी पुरंदरे यांची पुस्तके यांनी मराठी घरांत चित्राला शब्दाच्या बरोबरीचे स्थान दिले.

उल्हासनगरात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. फाळणीनंतर सिंधी निर्वासित कल्याणच्या लष्करी छावणीत आले, व 1949 साली त्या वसाहतीस उल्हासनगर हे नाव मिळाले. त्यांची भाषा 1853 पासून बावन्न अक्षरांच्या अरबी वळणाच्या लिपीत छापली जात होती. भारतात तिच्याशेजारी देवनागरी आली, आणि लिपीचा वाद दीर्घकाळ चालला. परिणामी अनेक घरांत आजोबांची लिपी नातवाला वाचता येईना. अशा घरात चित्रातील हत्ती दोघांनाही सारखाच कळतो, आणि आजोबा त्याची कथा आपल्या बोलीत सांगू शकतात. अंबरनाथच्या कारखान्यांसाठी आणि मुंबईच्या नोकऱ्यांसाठी या पट्ट्यात स्थायिक झालेल्या कुटुंबांची अडचण वेगळी होती. तेथे पुष्कळदा आजीच गावी राहिली. तिच्या अभावी उशिराच्या गाडीने परतणाऱ्या आईबापांना पुस्तकाचा आधार घ्यावा लागला.

तात्पर्य, चित्रपुस्तक हे मौखिक कथेचे शत्रू नव्हे. परंतु त्यात शेवट एकदाच छापला जातो, आणि कावळ्याला ऊब द्यावी की चटका, हा निर्णय घरातून प्रकाशकाकडे जातो. म्हणून घराघरांतील निरनिराळे शेवट नोंदवून ठेवणे अगत्याचे आहे. 1947 साली बालवयात सिंधमधून आलेल्यांचे वय आज पंचाहत्तरीपलीकडे गेले आहे. त्यांच्या, तसेच बदलापूर परिसरातील ठाकूर व कातकरी वाड्यांवरील वृद्धांच्या निजवेळेच्या कथांचे संकलन हे विलंब सोसणारे काम नाही.